बायबलची चिकित्सा, श्रद्धा आणि न्यायाची चाड

एखादा धर्मग्रंथ कोट्यवधी माणसांच्या जगण्याचे नियम ठरवतो, तेव्हा त्यात नेमके काय लिहिले आहे, कोणी आणि कोणत्या काळी लिहिले, हे विचारणे केवळ पंडितांचे काम राहत नाही. बायबलविषयी हे प्रश्न गेली साडेतीनशे वर्षे शिस्तीने विचारले जात आहेत. हस्तलिखिते ताडून पाहायची, भाषेवरून आणि संदर्भांवरून लेखनाचा काळ ठरवायचा, एकाच पुस्तकात मिसळलेले वेगवेगळे हात ओळखायचे, असे हे काम आहे. श्रद्धावंतांना त्याची धास्ती वाटते आणि धर्माच्या विरोधकांना त्यात आयते शस्त्र दिसते. दोघांच्याही समजुती तपासून पाहायला हव्यात. कारण ग्रंथ चुकीचा वाचला गेला, तेव्हा त्याची किंमत बहुतेक वेळा दुबळ्यांनीच मोजली आहे.

गैरसमज : चिकित्सा ही नास्तिकांनी धर्म बुडवण्यासाठी काढलेली युक्ती आहे.

वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस यांनी शैली आणि व्याकरण तपासून दाखवले, की योहानाचे शुभवर्तमान आणि प्रकटीकरणाचे पुस्तक एकाच हातचे असू शकत नाहीत. पंचग्रंथ (बायबलची पहिली पाच पुस्तके) आज आहे त्या रूपात मोशेने लिहिलेला नाही, हे १६७८ मध्ये साधार मांडणारे रिशार सिमों हे फ्रेंच कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांना त्यांच्या संघातून काढण्यात आले आणि पुस्तकाच्या प्रती नष्ट करण्यात आल्या. म्हणजे विरोध झाला हे खरे, पण चिकित्सा करणारा चर्चच्या आतलाच होता. पुढे चर्चची भूमिकाही बदलली. १९४३ मध्ये पोप पायस बारावे यांनी मूळ भाषा आणि प्राचीन लेखनप्रकार ध्यानात घेऊन बायबल अभ्यासण्याची मुभा कॅथलिक अभ्यासकांना दिली. १९९३ मध्ये व्हॅटिकनच्या बायबल आयोगाने ऐतिहासिक चिकित्सेची पद्धत अपरिहार्य ठरवली आणि अक्षरशः अर्थ लावणाऱ्या मूलतत्त्ववादी वाचनातला धोका स्पष्ट शब्दांत सांगितला.

गैरसमज : बायबलचा एक शब्दही बदललेला नाही, किंवा सगळाच मजकूर बदलून टाकलेला आहे.

ही दोन्ही टोके पुराव्यापुढे टिकत नाहीत. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांमध्ये यशयाचे संपूर्ण पुस्तक आहे. हिब्रू बायबलचे सर्वांत जुने संपूर्ण हस्तलिखित इ. स. १००८ च्या सुमाराचे. ही गुंडाळी त्याहून हजारएक वर्षांनी जुनी. दोन्हींतला मजकूर मुख्यतः जुळतो, तरीही पाठभेद पुष्कळ आहेत. यिर्मयाचे ग्रीक भाषांतर हिब्रूपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने आखूड आहे, आणि त्या आखूड पाठाशी जुळणारे हिब्रू तुकडेही कुमरानलाच मिळाले. मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओव्या चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या ग्रीक हस्तलिखितांत नाहीत. ग्रंथ श्रद्धेने जपला गेला आणि तो माणसांच्या हातांतून वाहत आला, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने शेकडो हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सित आवृत्ती याच शिस्तीने तयार केली. त्यामुळे महाभारताचे मोल कमी झाले नाही.

गैरसमज : गुलामगिरी आणि स्त्रियांचे दुय्यमपण यांवर बायबल एकाच सुरात बोलते.

आफ्रिकी माणसांच्या गुलामगिरीला शतकानुशतके ‘हामच्या शापा’चा आधार देण्यात आला. उत्पत्ती या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात नोहाचा शाप हामला नाही, कनानला आहे, आणि कातडीच्या रंगाचा तिथे उल्लेखही नाही. शापाचा वर्णाशी जोडलेला संबंध सर्वस्वी नंतरचा. मालकांनाही हा ग्रंथ पूर्णपणे आपल्या बाजूचा वाटत नसावा. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी निवडक बायबल छापले गेले. त्यातून इस्राएलाच्या मिसरमधून सुटकेची कथा गाळली होती आणि ख्रिस्तात दास व स्वतंत्र हा भेद उरत नाही हे पौलाचे सांगणेही वगळले होते. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हा उपदेश मात्र ठेवला होता. स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, ही करिंथकरांच्या पहिल्या पत्रातली आज्ञा काही हस्तलिखितांत वेगळ्याच जागी येते, आणि त्याच पत्रात तीन अध्याय आधी स्त्रिया प्रार्थना व भविष्यकथन करतात हे गृहीत धरले आहे. म्हणूनच अनेक अभ्यासक त्या ओळी मागाहून घातलेल्या मानतात. स्त्रीला शिकवण्याची मनाई करणारे तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र तर पौलाचे नाही, असे बहुसंख्य अभ्यासकांचे मत आहे. मात्र लेवीय पुस्तक परक्या दासांना वारसाहक्काची मालमत्ता मानते, हे चिकित्सा झाकून ठेवत नाही. बायबलमध्ये अनेक काळांचे आवाज आहेत आणि त्यांच्यात वाद आहे, एवढे ती दाखवते. कोणत्या आवाजाच्या बाजूने उभे राहायचे, याची जबाबदारी मग वाचणाऱ्यावर येते.

गैरसमज : हा अभ्यासिकेतला खेळ आहे, पीडितांना त्याचा काय उपयोग?

दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळचे अँग्लिकन बिशप जॉन विल्यम कोलेन्सो यांचे आयुष्य या प्रश्नाचे उत्तर आहे. बायबलचे झुलू भाषांतर करताना त्यांचे सहकारी विल्यम एन्गिडी यांनी विचारले, की जलप्रलयाची ही गोष्ट खरोखर घडली का? खोटे उत्तर देणे कोलेन्सोंच्या मनाला पटेना. १८६२ पासून त्यांनी पंचग्रंथाची चिकित्सा प्रसिद्ध केली आणि मिसरमधून निघालेल्या इस्राएलाच्या सहा लाख लढवय्यांसारखे आकडे प्रत्यक्षात अशक्य असल्याचे दाखवले. १८६३ मध्ये केपटाउनच्या बिशपांनी त्यांना पदच्युत ठरवले. १८६५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय रद्द केला. पुढे १८७४ मध्ये ह्लुबी लोकांचे प्रमुख लांगालिबालेले यांना बंडाच्या आरोपावरून, बचावाची धड संधी न देता, रॉबेन बेटावर हद्दपार करण्यात आले. तेव्हा कोलेन्सोंनी आफ्रिकी साक्षीदारांचे जबाब गोळा केले, सरकारी कागदांतल्या विसंगती उघड केल्या आणि इंग्लंडला जाऊन दाद मागितली. नाताळच्या लेफ्टनंट गव्हर्नरला परत बोलावण्यात आले. पंचग्रंथातला आकडा पडताळणारी बुद्धी आणि सरकारी अहवाल पडताळणारी बुद्धी एकच होती. पवित्र मजकुरालाही प्रश्न विचारता येतो, हे ज्याला उमगले, त्याला सत्तेचा मजकूर निमूटपणे मान्य करणे जमत नाही.

गैरसमज : चिकित्सा आपोआप न्यायाच्या बाजूने उभी राहते.

यावरचा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. १९३९ मध्ये जर्मनीतल्या आयझेनाख येथे वाल्टर ग्रुंडमान या नव्या कराराच्या विद्वानाच्या पुढाकाराने एक संस्था निघाली. ख्रिस्ती धर्मातून ज्यूंचा प्रभाव पुसणे हेच तिचे काम होते. उलट ब्रिटिश गुलामव्यापाराविरुद्ध लढणारे विल्यम विल्बरफोर्स चिकित्सेच्या नव्हे, भक्तीच्या वाटेचे प्रवासी होते. मग चिकित्सेची गरज काय? विल्बरफोर्स यांच्यासमोर त्याच बायबलातली वचने फेकणारे विरोधकही भक्तच होते, हे विसरू नये. विवेक दिशा देतो. चिकित्सा त्या दिशेच्या आड येणारा खोटा आधार काढून घेते. आणि येशूला ज्यू न मानण्याची ग्रुंडमानची चूक त्याच चिकित्सेने सिद्ध होते : येशू ज्यू होता आणि ज्यू परंपरेतच बोलत होता, यावर आज अभ्यासकांत वाद उरलेला नाही. प्रश्न कोण विचारतो, यालाही महत्त्व आहे. पंचग्रंथातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायातल्या कबुलीकडे अभ्यासक गेऱ्हार्ड फॉन राड यांनी १९३८ मध्ये इस्राएलाच्या प्राचीन श्रद्धेचे सार म्हणून लक्ष वेधले. १९८० च्या दशकात अरविंद निर्मल यांनी भारतीय दलित धर्मचिंतन उभे करताना त्याच कबुलीत भटक्या, पिळल्या गेलेल्या माणसांचा इतिहास वाचला आणि तो आपला मानला.

शेवटचा आक्षेप श्रद्धावंतांचा : एक ओळ मागाहून आलेली ठरली, तर बाकीच्यांवर भरवसा कसा ठेवायचा? भरवसा ठेवायचा तो पारखूनच. जी श्रद्धा हस्तलिखितातल्या पाठभेदाने कोसळते, ती देवावर नव्हे, छापील पानावर उभी असते. गरिबांना चपलांच्या जोडासाठी विकणाऱ्यांवर आमोस संदेष्ट्याने ओढलेला कोरडा आजही तितकाच सणसणीत आहे. त्याच्या पुस्तकाचा शेवट नंतरच्या हाताने लिहिला असेल, म्हणून तो बोथट होत नाही. चिकित्सा श्रद्धेकडून एकच गोष्ट काढून घेते, ती म्हणजे ‘देवानेच असे लिहिले आहे’ म्हणत दुसऱ्याच्या पाठीवर पाय ठेवण्याची मुभा. ती मुभा गमावण्यात श्रद्धेचे काहीच नुकसान नाही.