दातांची साक्ष शिकवणारे शास्त्र

न्यायवैद्यक दंतशास्त्र म्हणजे दात, जबडा आणि दातांवर झालेले उपचार यांच्या आधारे तपासाला व न्यायालयाला मदत करणारी विद्याशाखा. मृताची ओळख पटवणे, वयाचा अंदाज बांधणे आणि चाव्याचे व्रण तपासणे ही तिची तीन मुख्य कामे. दातावरचे इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. आगीत किंवा पाण्यात बोटांचे ठसे नाहीसे झाले तरी दात बहुधा टिकतात. म्हणूनच मोठ्या दुर्घटनांतील मृतांच्या ओळखीसाठी इंटरपोल बोटांचे ठसे आणि डीएनए यांच्या बरोबरीने दातांना स्थान देते.

दंतवैद्यकाच्या बीडीएस या पदवीच्या अभ्यासक्रमात हा विषय मुख्यतः ओरल पॅथॉलॉजीचा एक भाग म्हणून शिकवला जातो. त्याचा पाया म्हणजे दातांची नोंद. प्रत्येक दाताला दोन अंकी क्रमांक असतो. खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ म्हणजे 36. कोणता दात काढलेला, कुठे सिमेंट भरलेले, कुठे रूट कॅनल झालेले, हे टिपून विद्यार्थी मृत्यूपूर्वीची आणि मृत्यूनंतरची नोंद शेजारी ठेवतात. जुन्या नोंदीत असलेला दात मृतदेहात नसेल, तर तो मधल्या काळात काढला असू शकतो. पण जुन्या नोंदीप्रमाणे काढून टाकलेला कायमचा दात मृतदेहात जागेवर असेल, तर ती व्यक्ती वेगळी आहे किंवा नोंदच चुकलेली आहे.

वय ठरवताना एक्स-रेवर दातांची वाढ पाहतात. 1973 मध्ये देमिर्जियान व सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत खालच्या जबड्यातील डाव्या बाजूच्या सात दातांवर बेतलेली होती आणि ती फ्रेंच-कॅनेडियन मुलांच्या अभ्यासातून आली. धारवाडच्या एसडीएम दंत महाविद्यालयातील डॉ. आशिथ आचार्य यांनी 2011 मध्ये अक्कलदाढ धरून आठ दातांसाठी भारतीयांना लागू पडणारी सूत्रे मांडली. आरोपी किंवा पीडित अठरा वर्षांखालील आहे का, हा प्रश्न येतो तेव्हा अशा अभ्यासाचे मोल कळते.

2012 च्या दिल्ली सामूहिक बलात्कार प्रकरणात चाव्याच्या व्रणांची तपासणी डॉ. आचार्य यांनीच केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या निकालात तो पुरावा ग्राह्य धरला. मात्र व्रणांवरून चावणारा ठरवण्याच्या पद्धतीला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने 2023 मध्ये काढला. त्वचा ताणली जाते, सुजते, व्रण बदलतो. म्हणून पुराव्याचे बळ शिकवताना त्याची मर्यादाही शिकवायला हवी.

विशेष शिक्षणासाठी गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात या विषयाची एमएस्सी आहे. परंतु सारी मदार शेवटी गल्लीतल्या दवाखान्यावर असते. उदाहरणार्थ, भाईंदर पूर्वेचा जेसल पार्क परिसर खाडीलगत वसलेला आहे. तिथल्या खाडीत बेवारस मृतदेह सापडला, तर तपास पोलीस करतात. तुलनेसाठी लागणारा एक्स-रे आणि केसपेपर मात्र कुठल्यातरी दंतवैद्याच्या कपाटात असतो. ती नोंद अपुरी असेल, तर तज्ज्ञाचेही हात बांधले जातात. म्हणूनच पुढे केवळ दवाखाना चालवणाऱ्या विद्यार्थ्यालाही हा विषय नीट शिकवणे गरजेचे आहे. प्रत्येक रुग्णाची नोंद पूर्ण लिहिणे आणि जपून ठेवणे, हा या शास्त्राचा पहिला धडा.