वेगवान काडतूस आणि सोलापूरचा माळ

अमेरिकेतल्या कायोटी या कोल्ह्यासारख्या जनावराच्या शिकारीचे व्हिडिओ आता आपल्या वाड्यावस्त्यांवरही बघितले जातात. उघडा माळ, दुर्बीण बसवलेली रायफल, जखमी सशाचा आवाज काढून जवळ बोलावलेलं जनावर आणि तीनशे यार्डांवरून एकाच गोळीत खेळ खलास. बघणाऱ्याच्या डोक्यात मग हिशेब सुरू होतो. आपलाही माळ असाच उघडा, आपल्याकडेही कोल्हे, वर लांडगे. मग मेंढरांच्या राखणीला यातलं कुठलं वेगवान काडतूस घ्यावं?

सरळ उत्तर आहे: एकही नाही. पण एवढ्यावर विषय मिटत नाही, कारण या प्रश्नाच्या पोटात चार-पाच गैरसमज आहेत. काही बंदुकीबद्दल, काही कायद्याबद्दल आणि काही जनावराबद्दल.

‘गोळी जितकी वेगवान, तितका मार मोठा’

काडतुसाच्या गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. कायोटीसाठी अमेरिकेत सर्रास वापरलं जाणारं .२२३ रेमिंग्टन हे काडतूस ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९९० मीटर वेगाने सोडतं. त्याच वजनाची गोळी .२२-२५० रेमिंग्टनमधून सुमारे ११२० मीटरने सुटते. .२०४ रूगरची ३२ ग्रेनची गोळी तर १२९० मीटरच्या आसपास जाते. वेगाचं हे वेड नवं नाही. विंचेस्टर कंपनीने .२२० स्विफ्ट बाजारात आणलं ते १९३५ साली, आणि तेव्हाच सेकंदाला चार हजार फुटांची, म्हणजे १२२० मीटरची रेघ ओलांडली गेली होती.

आता आपल्याकडचं काडतूस पाहू. भारतात .३०३ सारखे लष्करी बोअर सामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत, म्हणून आयुध कारखान्याची .३१५ रायफल इथे रुळली. तिची गोळी २४४ ग्रेनची, वेग सेकंदाला जेमतेम सहाशे-सव्वासहाशे मीटर. आकड्यात गरीब वाटते. पण नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा तीन हजार ज्यूलच्या आसपास भरते आणि ११२० मीटरने सुटणाऱ्या .२२-२५०ची सव्वादोन हजारांच्या आत राहते. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते हे खरं, पण वस्तुमानही त्या गणितात असतं. टेबल टेनिसचा चेंडू कितीही जोरात हाणला तरी पलीकडच्या भिंतीपर्यंत त्याचा दम संपतो. हलक्या गोळीचंही हवेत तेच होतं. वेग लवकर गळतो आणि आडव्या वाऱ्यात ती बाजूला ढकलली जाते.

मग अमेरिकन शिकारी वेगामागे का लागतो? त्याचा फायदा खरा आहे, पण तो वेगळ्याच ठिकाणी आहे. गुरुत्वाकर्षण वेगवान गोळीला सवलत देत नाही. सारख्या वेळात सगळ्या गोळ्या जवळपास सारख्याच खाली येतात. वेगवान गोळी लक्ष्यापर्यंत लवकर पोचते, म्हणून तिला पडायला वेळ कमी मिळतो, एवढंच. दोनशे यार्डांवर नेम बसवलेल्या रायफलीतून तीनशे यार्डांवर गोळी झाडली, तर .२२३ची गोळी नेमाच्या खाली साधारण २२ सेंटिमीटर लागते आणि .२२-२५०ची साधारण १६. फरक वीतभरही नाही. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी हा फरक शिकाऱ्याला सांभाळून घेतो. त्या बदल्यात दारू जास्त जळते, काडतूस बसतं त्याच्या लगेच पुढचा नळीचा भाग लवकर झिजतो, आवाज वाढतो आणि कातडी विकायची असेल तर तिची चाळण होते. म्हणजे वेगवान काडतूस ही लांब अंतरासाठी मोजलेली किंमत आहे. जिथे अंतरच नाही तिथे ती कशासाठी मोजायची?

आपल्याकडे अंतर नाही. लांडगा मेंढरांवर येतो तो बहुधा तिन्हीसांजेला, रात्री किंवा पहाटे, वाघरीला, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीला, लागून नाहीतर चरत्या कळपाच्या कडेला. अशा वेळी मेंढका, त्याची कुत्री, मेंढरं आणि लांडगा हे सगळे एकाच पन्नास पावलांत असतात. तिथे गोळीचा मार्ग सपाट आहे की वाकडा, याला काही अर्थ उरत नाही. अर्थ उरतो तो चुकलेली गोळी पुढे कुठे जाते याला. .२२ सारख्या किरकोळ काडतुसाच्या खोक्यावरही दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना छापलेली असते. सोलापूरच्या सपाट माळावर दीड मैलात किती वस्त्या, किती विहिरी आणि रात्रीची मोटर चालू करायला निघालेली किती माणसं असतात, हे तिथल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

‘वेगवान म्हणजे अचूक’

हा गैरसमज मोडायला कोल्हापूर जिल्ह्यापर्यंत गेलं तरी पुरे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात .२२चं छोटं काडतूस वापरतात. स्पर्धेची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या किंचित खाली ठेवलेली असते, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास, कारण आवाजाची हद्द ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळते. कायोटीवाल्यांच्या काडतुसाच्या तिसऱ्या हिश्श्याचा वेग, आणि नेम मात्र अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. अचूकता येते ती नळी, काडतुसांचा सारखेपणा, श्वास आणि बोट यांतून.

‘कायोटी म्हणजे तिकडचा कोल्हाच’

दिसायला जवळचे, कूळही एकच, पण कायोटी उत्तर आणि मध्य अमेरिकेबाहेर रानात कुठेच नाही. आपला सोनेरी कोल्हा त्याहून लहान, आठ ते अकरा किलोंचा. उंदीर, घुशी, मेलेली जनावरं, बोरं, काकड्या, जे मिळेल ते खाणारा. ‘कोल्हा काकडीला राजी’ म्हणणाऱ्यांचं प्राणिशास्त्र पक्कं होतं. माळावर त्याहूनही छोटं खोकड असतं. ते मुख्यतः किडे, उंदीर आणि सरड्यांवर जगतं, मेंढीच्या वाट्याला जात नाही. मेंढपाळाचं खरं नुकसान करतो तो लांडगा. पण रात्री चमकलेले डोळे तिघांपैकी कुणाचे, हे बॅटरीच्या उजेडात ओळखणं सोपं नाही. शिवाय गावची मोकाट कुत्री कोकरं फाडतात आणि नाव लांडग्याचं होतं, हेही सर्रास घडतं.

कोल्ह्याबद्दलचा आणखी एक गैरसमज, त्याच्या शिंगाचा, इथेच उरकून टाकू. कोल्ह्याला शिंग नसतं. ताईत म्हणून विकलं जातं ते कातडी आणि केसांचं बनवलेलं सोंग असतं. ते विकणं आणि बाळगणं दोन्ही अंगाशी येऊ शकतं.

‘बंदुकीचा परवाना आहे, म्हणजे मारता येतं’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. बंदूक बाळगण्याचा परवाना शस्त्र कायद्याखाली मिळतो, सोलापूर शहरात पोलीस आयुक्तांकडून आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. जनावर मारण्याचा प्रश्न येतो वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली. एका कायद्याचा कागद दुसऱ्यात चालत नाही. पिकाच्या राखणीसाठी शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे हे खरं. पण तीही बंदूक बाळगण्याची तरतूद आहे, शिकारीची नव्हे.

जुनी माणसं सांगतात की आमच्या आजोबांकडे शिकारीचा रीतसर परवाना होता. ते खोटं बोलत नाहीत. १९७२चा कायदा आल्यावरही काही प्राण्यांसाठी शिकारीचे परवाने मिळत होते. १९९१च्या दुरुस्तीने ते बंद झाले. त्यानंतर २०२२ची दुरुस्ती आली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. लांडगा आधीपासूनच पहिल्या अनुसूचीत होता, आता कोल्हाही तिथे आला. पहिल्या अनुसूचीतलं जनावर मारलं तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, आणि वर किमान पंचवीस हजार रुपये दंड. असं जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलं किंवा बरं न होण्याइतकं जखमी वा आजारी असलं, तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतात. आणि तोही ते पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, हलवता येत नाही अशी खात्री पटल्यावरच. उभ्या पिकाच्या नुकसानीवरून परवानगी मिळू शकते ती दुसऱ्या अनुसूचीतल्या रानडुकरासारख्या जनावरांसाठी, आणि तीही अर्ज करून, लेखी.

स्वतःच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या बचावासाठी प्रामाणिकपणे केलेला वार गुन्हा ठरत नाही. पण कायद्याचे शब्द माणसापुरते आहेत. मेंढीच्या बचावाला ही सवलत नाही. मेंढपाळाला हे अन्यायाचं वाटतं, आणि त्याच्या जागी उभं राहिलं तर वाटणारच.

छर्‍याच्या बंदुकीचंही तसंच. .१७७ बोअरच्या आणि वीस ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून तिने मारलेलं चालतं असं अनेकांना वाटतं. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत हत्यार कुठलं हा मुद्दाच नाही. सापळा लावणं, आमिष टाकणं, हुसकावून पाठलाग करणं, नुसता प्रयत्न करणं, सगळं तिच्यात येतं.

सोलापूरकरांसाठी आणखी एक पेच आहे. माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, नंतर ते १,२२२वर आणलं गेलं. नान्नजच्या बाजूला अभयारण्याचे तुकडे शेतांच्या मध्येमध्ये विखुरलेले आहेत आणि बांध ओलांडला की आपण आत आहोत हे कळतही नाही. अभयारण्यात पूर्वपरवानगीशिवाय हत्यार घेऊन जाणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे, गोळी झाडली नाही तरी.

‘दहा मारले की दहा कमी होतात’

व्हिडिओत न दिसणारी गोष्ट ही. अमेरिकेत एकटं केंद्र सरकारचं वन्यजीव नियंत्रण खातं दरवर्षी साठ-सत्तर हजार कायोटी मारतं. खासगी शिकाऱ्यांचा हिशेब वेगळाच. एवढं करून काय झालं? मुळात पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशातला हा प्राणी पूर्व किनाऱ्यापर्यंत आणि खाली पनामापर्यंत पसरला, आणि शिकागोसारख्या शहरांत राहू लागला. जोडी फुटली की बाजूची जनावरं मोकळ्या जागेत शिरतात, उरलेल्यांना खाणं भरपूर मिळतं आणि जास्त पिल्लं जगतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोन अभ्यासकांनी १९७५ साली गणित मांडलं होतं: दरवर्षी पाऊणशे टक्के कायोटी मारत राहिलात तरी ते संपायला पन्नासएक वर्षं लागतील.

आपला लांडगा इतका चिवट नाही. महेश रंगराजन यांच्या मांडणीनुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत इंग्रज अमदानीत बक्षिसं लावून दोन लाखांवर लांडगे मारले गेले. आज देशात उरलेत तीन हजारांच्या आसपास, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. नान्नजच्या माळावर बिलाल हबीब यांनी लांडग्यांवर पीएचडीसाठी वर्षानुवर्षं काम केलं, त्यामुळे लांडग्यांच्या अभ्यासात सोलापूरचं नाव जगभर गेलं आहे. जिल्ह्याबाहेर ज्याची इतकी चर्चा आहे, तो घरी मात्र अजून चोरच समजला जातो.

मग मेंढी गेली तर?

लांडगा, कोल्हा आणि तरस यांनी मारलेल्या जनावराची भरपाई वन खात्याकडून मिळते. अट अशी की घटनेपासून ४८ तासांत जवळच्या वन अधिकाऱ्याला कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही. नेमकं हेच फिरत्या मेंढपाळाला अवघड जातं. कळप पुढच्या गावाला निघालेला असतो, मेलेली मेंढी मागे ठेवायची तर कुणाच्या भरवशावर? किमान मोबाइलवर जागेसकट फोटो काढून १९२६ या वन खात्याच्या क्रमांकावर कळवलं, तर नोंद तरी होते. विजेचा थेट करंट सोडलेली तार आणि विष कालवलेलं मटण या दोन वाटा टाळायच्याच. त्या लांडग्याइतक्याच शेजाऱ्याच्या बैलाला आणि पोराला मारतात.

अमेरिकेतल्या मेंढीवाल्यांनी १९७०च्या दशकापासून कायोटीसाठी राखणीची मोठी कुत्री पाळायला सुरुवात केली, आणि बंदुकीपेक्षा त्यांचा उपयोग अधिक झाल्याचं पुष्कळजण सांगतात. आपल्या धनगरांकडे ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत, सोबत वाघरीची जाळी आहे. कमी पडते ती लस. रेबीज आणि डिस्टेंपर कुत्र्यांकडून लांडग्यांकडे जातात, आणि पिसाळलेला लांडगा माणसावर येतो तेव्हा गावात जी घबराट होते तिची सुरुवात बहुतेकदा बिनलशीच्या कुत्र्यापासून झालेली असते. वाड्यावरच्या कुत्र्यांना दरवर्षी लस टोचून घ्यायची असेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून जावं. कळप वाटेवर असेल तर वाटेतला दवाखानाही चालतो.