पालवणचा डोंगर, फोटो काढून झाल्यावर

13 आणि 14 फेब्रुवारी 2020. बीड शहराजवळच्या पालवणच्या डोंगरावर एक संमेलन भरलं. अध्यक्षपदी साहित्यिक नव्हता, पुढारीही नव्हता, वडाचं झाड होतं. अभिनेते सयाजी शिंदे आणि लेखक अरविंद जगताप यांच्या पुढाकाराने झालेलं हे पहिलं वृक्षसंमेलन. अध्यक्षीय भाषण न ऐकता लोक घरी गेले, हेही त्याचं एक वैशिष्ट्य.

पुढच्याच महिन्यात त्या डोंगराला आग लागली. हौसेने लावलेली झाडं होरपळली. मार्च संपायच्या आत कोरोनाची टाळेबंदी आली.

मागे वळून पाहिलं तर तो काळच लागवडीच्या धडाक्याचा होता. राज्य सरकारचं उद्दिष्ट 2016 मध्ये 2 कोटी झाडांचं होतं. पुढे ते 4 कोटी, 13 कोटी आणि 2019 मध्ये थेट 33 कोटींवर गेलं. खड्डे, रोपं, पाहुणे, फोटो. पालवणचा उजाड माळही याच काळात, वनविभाग आणि ‘सह्याद्री देवराई’ ही संस्था यांच्या प्रयत्नांतून हिरवा होऊ लागला. (डोंगर बालाघाटाचा, नाव सह्याद्रीचं; पण झाडांनी त्याला हरकत घेतलेली नाही.) जुन्या देवराया देवाच्या धाकाने टिकल्या. या नव्या देवराईला तसा धाक नाही, तिथे माणसांनाच राखण करावी लागते. त्यात 2018 चा पावसाळा कोरडा गेला आणि कोवळ्या रोपांच्या वाट्याला दुष्काळी उन्हाळा आला.

झाड लावायला एक सकाळ पुरते. आळं करणं, पाचोळ्याचं आच्छादन घालणं, मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावणं आणि आगीच्या दिवसांत डोंगरावर नजर ठेवणं याला मात्र वर्षं लागतात. बीडची खरी अडचण इथेच आहे. रोपांना पाणी लागतं ते हिवाळ्या-उन्हाळ्यात आणि नेमक्या त्याच दिवसांत जिल्ह्यातली लाखो धडधाकट माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली असतात. गावात मागे राहतात म्हातारी माणसं आणि पोरं. ऊसतोड कामगाराला निवृत्ती नसते, त्याच्या म्हाताऱ्या आईबापांनाही नसते. तेव्हा झाडं जपायचा भार त्यांच्यावर टाकणं अन्यायाचं होईल. पण बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळीत पेन्शन घेणारे शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, कारकून आहेत. सरकारी नोकरीतले बहुतेक जण 58 व्या वर्षी घरी बसतात. हाताशी वेळ असतो, पाय चालते असतात आणि सकाळचा फेरफटका तर ठरलेलाच.

झाडं जपण्यात त्यांचाही फायदा आहे. नेदरलँड्समध्ये सामुदायिक बागेत वाफा कसणाऱ्यांची तुलना त्यांच्या बाग नसलेल्या शेजाऱ्यांशी करण्यात आली. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत 62 आणि त्यापुढच्या वयाचे बागवाले तब्येत आणि समाधान या दोन्हींत शेजाऱ्यांहून सरस निघाले. तरुणांमध्ये असा ठळक फरक दिसला नाही. अर्थात, तब्येत चांगली म्हणून माणूस बागेत जातो की बागेत जातो म्हणून तब्येत राहते, हे एका पाहणीतून ठरत नाही. सिंगापूरने 2005 पासून सोसायट्या, शाळा आणि दवाखान्यांच्या आवारातल्या अशा बागांना सरकारी आधार दिला. खुरपं रहिवाशांच्याच हाती ठेवलं.

आपल्याकडे आधार मिळतो तो लागवडीला. जगवणाऱ्याच्या नावाने सोहळा होत नाही, त्याला रोज उठून जावं लागतं एवढंच.

तेव्हा बीडच्या निवृत्त मंडळींनी येत्या पर्यावरणदिनाची वाट पाहू नये. वनविभागाच्या कार्यालयात जाऊन कोणत्या भागात हात कमी पडतात ते विचारावं, आठवड्यातला एक वार ठरवावा, आणि होळीपासून पहिल्या पावसापर्यंत तो चुकवू नये. पाण्याचा कॅन आणि डोक्याला उपरणं घरूनच न्यावं.