मूत्रपिंडावर जंतुविषाचा घाला

लघवीची जळजळ हा आपल्याकडे चारचौघांत सांगण्याचा आजार समजला जात नाही. ऊन बाधले, पाणी कमी पडले, असे म्हणून तो अंगावर काढला जातो. स्त्रिया तर कित्येक दिवस घरातही वाच्यता करीत नाहीत. पुष्कळदा तो थोडक्यात निभावतोही. परंतु जंतू मूत्राशयात न थांबता मूत्रवाहिनीतून वर चढले, म्हणजे त्यांची गाठ मूत्रपिंडातील पेशींशी पडते.

या विकारास बहुतांशी ई. कोलाय हा जंतू कारणीभूत असतो. बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिख यांनी १८८५ मध्ये म्युनिक येथे तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून तो शोधून काढला. एरवी तो आपल्या आतड्यात सुखाने नांदत असतो. त्याच्या काही जाती मात्र मूत्रमार्गासाठी जणू सज्ज होऊनच येतात. त्यांच्या अंगावरील केसांसारखे सूक्ष्म तंतू पेशींच्या पृष्ठभागावरील शर्करेला घट्ट चिकटतात. त्यामुळे लघवीच्या प्रवाहाबरोबर ते सहजी वाहून जात नाहीत. लघवी तासन्‌तास रोखून धरल्यास त्यांना वाढण्यास आयताच अवधी मिळतो. शाळेतील स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसेल, तर मुली दिवसभर पाणी पिण्याचेही टाळतात, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नलिकायुक्त रचना असतात. नलिकेला आतून पेशींचा एकेरी थर असतो. या थरावर जंतू जी विषद्रव्ये सोडतात, त्यांपैकी हीमोलायसिन हे प्रमुख होय. तांबड्या रक्तपेशी फोडते म्हणून त्यास हे नाव मिळाले. ते पेशीच्या आवरणात घुसून छिद्र पाडते. विष मोठ्या मात्रेत असेल, तर छिद्रांतून क्षार व पाणी आत शिरते आणि पेशी फुगून फुटते. अल्प मात्रेत त्याची करणी अधिक चमत्कारिक आहे. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० मध्ये दाखवून दिले की, अशा वेळी पेशी मरत नाही. तिच्यातील कॅल्शियमचे प्रमाण सुमारे १२ मिनिटांच्या तालावर चढू-उतरू लागते. कॅल्शियम हा पेशीच्या आतील निरोप्या. या निरोपाने पेशी दाहाची सूचना देणारी द्रव्ये बाहेर टाकते. शत्रूने घरच्याच घंटेचा दोर ओढावा, तसा हा प्रकार!

काही जंतूंजवळ आणखी एक विष असते. पेशीला आकार देणाऱ्या अंतर्गत सांगाड्याचे नियंत्रण करणारी कळ ते कायमची चालू ठेवते. शिवाय जंतूंच्या बाह्य आवरणातील द्रव्य जंतू मेल्यावरही ताप व दाह निर्माण करते.

सूचना मिळताच पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांनी सोडलेल्या तीव्र द्रव्यांनी जंतू मरतात, पण आसपासच्या निरोगी ऊतींनाही इजा पोहोचते. नलिकेच्या पेशी पुन्हा निर्माण होऊ शकतात. संपूर्ण नेफ्रॉन नष्ट झाला, तर त्याच्या जागी नवा येत नाही, व्रण तेवढा राहतो. प्रतिजैविक जंतूंना मारते, व्रण भरून काढीत नाही. लहान मुलांच्या बाबतीत म्हणूनच दिवस वाया जाऊ देणे महाग पडते. मूल जळजळ सांगू शकत नाही. कित्येकदा थंडी वाजून येणारा ताप किंवा उलट्या एवढेच लक्षण दिसते आणि साधा ताप समजून घरी उरलेल्या गोळ्या दिल्या जातात. ही चूक सुशिक्षित घरांतही घडते. अशा तापाचे दुसरे कारण दिसत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवीची तपासणी करून घ्यावी. जंतूंच्या वाढीच्या परीक्षेसाठी नमुना शक्यतो प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वीच घ्यावा लागतो; औषध पोटात गेल्यावर प्रयोगशाळेत जंतू वाढतीलच असे नाही आणि त्यांना कोणते औषध लागू पडेल, हेही मग कळत नाही.