मातीखालचे लाल डोळे

या रे मुलांनो, बसा जवळ. आज गोष्ट सांगतो पिओनीची. आपल्या पुण्या-मुंबईत ही फुलत नाही. पण अमेरिकेतल्या मिनेसोटात, जिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली ३० अंशांपर्यंत उतरतो, तिथे जुन्या शेतघरांच्या अंगणात ती पिढ्यान्‌पिढ्या फुलत आली आहे. फूल एवढं मोठं, की एकाच फुलानं ओंजळ भरावी! फ्रान्समध्ये १८५१ साली 'फेस्टिव्हा मॅक्सिमा' नावाचा पांढरा वाण आला. पाकळ्यांवर किरमिजी शिंतोडे असलेला हा वाण लोक आजही हौसेनं लावतात. नीट लावलेली पिओनी पन्नास वर्षं सहज जगते, शंभरीही गाठते.

"पण आजोबा, एवढ्या थंडीत ती मरत कशी नाही?"

अरे, मातीच्या वरचं सगळं मरतंच! थंडी पडली की पानं तांबूस होतात, दांडे वाळून आडवे पडतात. नवख्याला वाटतं, गेलं झाड. पण पानांनी उन्हाळाभर तयार केलेलं अन्न तोवर जाडजूड मुळांत जाऊन साठलेलं असतं. मुळांच्या माथ्यावर, मातीखाली दोन-तीन बोटांवर, लालसर कोंब दडलेले असतात. उसाच्या कांड्यावर असतात तसे हे डोळेच. पुढच्या वर्षीचे दांडे त्यांतूनच फुटायचे असतात.

आता खरी करामत ऐका. पाणी गोठलं की फुगतं. पेशीच्या आत बर्फ झाला, तर पेशी फाटून मरते. म्हणून शरदात थंडी हळूहळू वाढू लागली की झाड तयारीला लागतं. पेशींतलं पाणी थोडं थोडं बाहेर पडतं आणि पेशींच्या मधल्या फटींत गोठतं. आत उरलेल्या रसात साखर वाढते, आणि असा दाट रस सहजी गोठत नाही. वरून भुसभुशीत बर्फ पडला तर तो गोधडीसारखा कामी येतो. त्यात हवा कोंडलेली असते, त्यामुळे हवेतला कडाका मातीपर्यंत पुरता पोचत नाही.

आणि गंमत अशी, की पिओनीला ही थंडी नुसती सोसायची नसते, ती तिला हवीच असते! कित्येक आठवडे गारठा मिळाल्याशिवाय तिचे डोळे धड जागे होत नाहीत. भर हिवाळ्यात चार दिवस ऊन पडलं म्हणून कोंब फसून वर आले, तर पुढच्या कडाक्यात जळून जातील ना! आपल्याकडे हिमालयात, काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंत, पांढरी रानपिओनी फुलते ती तिथल्या थंडीच्या भरवशावरच. सह्याद्रीतली चवर आणि कळलावीही अशाच मातीखाली झोपतात, पण त्यांना चुकवायचा असतो कोरडा काळ.

म्हणून थंड मुलखात बाग करायची, तर फुलाचा रंग मागाहून बघावा, आधी तिथला हिवाळा विचारावा. अमेरिकेच्या कृषिखात्यानं हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानाच्या सरासरीवरून देशाचे १३ पट्टे पाडले आहेत. पिओनी साधारण तिसऱ्यापासून आठव्या पट्ट्यापर्यंत रमते. शिकागोला किंवा टोरांटोला आपली माणसं आहेत, त्यांच्या अंगणात ती सुखानं नांदेल. जागा मात्र उन्हाची हवी, आणि पाणी निचरणारी. हिवाळ्यात मुळाशी पाणी साचलं, तर थंडी सोसणारं झाडही कुजून जातं. सावलीच असेल तर पिओनीचा हट्ट सोडून होस्टा लावावा.

लावायची वेळ शरदातली. तीन ते पाच डोळे असलेला मुळाचा तुकडा घ्यायचा आणि डोळे वर करून ठेवायचा. डोळ्यांवर माती जेमतेम दोन-तीन बोटं. खोल पुरलं तर पानं भरघोस येतात, पण फुलं रुसतात. पहिल्या हिवाळ्यात जमीन गोठली की वर पेंढा पसरायचा, नाहीतर माती गोठते, वितळते, आणि नवं मूळ वर ढकललं जातं. वसंतात पेंढा आठवणीनं काढायचा.

मग धीर धरायचा. पहिल्या वर्षी झाड मुळं रुजवतं, दुसऱ्या वर्षी पानं वाढवतं, खरा बहर बहुधा तिसऱ्या वर्षापासून. कळ्यांवर मुंग्या दिसल्या तर औषध मारू नका. कळीच्या हिरव्या आवरणातून गोड रस पाझरतो, तो प्यायला त्या येतात आणि कळी कुरतडणाऱ्या किड्यांना हुसकावतात. मुंग्यांनीच कळी उघडते असं काही लोक मानतात, ते खरं नाही. कळी आपली आपण उमलते.

तेव्हा मुलांनो, मोठेपणी थंड देशी गेलात आणि अंगण मिळालं, तर एक पिओनी जरूर लावा. जागा मात्र विचार करून निवडा, कारण तिला सारखं हलवलेलं आवडत नाही, आणि तिथे ती तुमच्या नातवंडांनाही फुलं देणार आहे.