ईव्हीएस निघाला... पण डोक्यात काय राहिलं?

"ताई, ईव्हीएसचं कसलं टेन्शन? एक रात्र, एक लोकल ऑथर, विषय खल्लास!"

माझा मावसभाऊ. पुण्यात सिव्हिल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. 'सस्टेनेबल डेव्हलपमेंट'ची व्याख्या त्याला झोपेतही पाठ. ब्रुंटलँड कमिशन, १९८७, पुढच्या पिढ्यांच्या गरजा वगैरे सगळं धडाधड. मी सहज विचारलं, "मग तू बांधशील त्या बिल्डिंगमध्ये यातलं काय असेल?" साहेब थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "सोलर... आणि झाडं?"

हसू नका, बॉस! तुम्हीही हा पेपर दिलाय. आठवतंय काही?

पेपर आला कुठून?

पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये निकाल दिला, की पर्यावरण हा विषय शिकवायलाच हवा. पुढे यूजीसीने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा कोर्स आखला. त्याचं पुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. इराक भरुचांनी. १०० पैकी ७५ मार्क लेखी, २५ फील्डवर्कचे. म्हणजे नदी, टेकडी, कचरा डेपो प्रत्यक्ष बघून या, असा मूळ फंडा. प्रत्यक्षात अनेकांचं फील्डवर्क सीनियरच्या फाइलमधूनच उरकतं! एआयसीटीईच्या २०१८ च्या मॉडेल अभ्यासक्रमात तर हा विषय सक्तीचा, पण क्रेडिट शून्य. ज्याला क्रेडिट नाही, त्यासाठी रात्र कोण जागवणार?

कागदोपत्री मात्र सगळं चोख. कॉलेजला एनबीएचं मानांकन हवं असेल तर विद्यार्थी काय शिकले हे दाखवावं लागतं. बारा 'आउटकम्स'च्या यादीत 'पर्यावरण आणि सस्टेनेबिलिटी' बरीच वर्षं सातव्या नंबरावर होतं. कुठल्या विषयाचा त्याच्याशी किती संबंध, ते १, २, ३ अशा आकड्यांत मांडायचं. तक्ता भरला की काम फत्ते. पण तक्ता भरला म्हणजे डोकं भरलं का?

कागद घ्या, नकाशा काढा

बार्सिलोनाच्या तंत्रविद्यापीठातल्या जोर्डी सेगालास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळीच आयडिया केली. युरोपातल्या पाच तंत्रविद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना त्यांनी व्याख्या विचारलीच नाही. मधोमध 'सस्टेनेबिलिटी' लिहा आणि जे जे सुचेल ते रेघांनी जोडा, एवढंच सांगितलं. कोर्सच्या आधी एक नकाशा, नंतर एक. २०१० मध्ये निष्कर्ष छापून आले. मुलांच्या नकाशांत तंत्रज्ञान आणि पर्यावरणाची गर्दी. माणसं, समाज, संस्था मात्र कोपऱ्यात. आणि नुसतं लेक्चर ऐकणाऱ्यांपेक्षा प्रत्यक्ष भाग घेऊन, लोकांमध्ये जाऊन शिकणाऱ्यांचे नकाशे जास्त सुधारले.

हे आपल्याकडे अशक्य नाही. आयआयटी मुंबईत 'सितारा' हे केंद्र १९८५ पासून आहे. ग्रामीण भागाला उपयोगी पडेल असं तंत्रज्ञान हा त्यांचा विषय. तिथले विद्यार्थी गावात जाऊन राहतात, पाण्याच्या योजना का बंद पडतात ते बघतात. पंप बरोबर असतो, पाइप बरोबर असतो, आणि तरी नळ कोरडा! विजेचं बिल कोणी भरायचं, दुरुस्ती कोणी करायची, याचं उत्तर लोकल ऑथरमध्ये सापडत नाही.

भावाची दुसरी ट्रायल

मी भावालाही नकाशा काढायला बसवलं. पहिल्या झटक्यात आले सोलर, झाडं, रेनवॉटर. "आणि सिमेंट?" मी विचारलं. तो चमकला. कारण हे त्याला माहीत होतं, फक्त दुसऱ्या पेपरमधलं! सिमेंट बनवताना चुनखडी भाजली जाते आणि त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टीचं इंधन बदललं तरी तो सुटणारच. जगातल्या कार्बन उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचं. मग रेघा धावायला लागल्या. सिमेंट कमी करायला फ्लाय अ‍ॅश, फ्लाय अ‍ॅश औष्णिक वीजकेंद्रातून, तिथून राखेचं तळं, तळ्याशेजारचं गाव. तिथे पेन थांबलं.

"ताई, हे तर कुणी विचारलंच नव्हतं."

हीच तर गोची आहे! पोराला येत होतं. आपण चुकीचं विचारत होतो. तीन-चार वर्षांत तो साइटवर असेल, आणि त्याने ठरवलेली कॉलमची साइज पुढची पन्नास वर्षं तशीच उभी राहील. तिथे एटीकेटी नाही.

तुमचीही टेस्ट!

आज लंच ब्रेकमध्ये एक कोरा कागद घ्या. मधोमध तुमच्या सध्याच्या प्रोजेक्टचं नाव लिहा. वीज कुठून येते, पाणी कुठे जातं, जुनी मशिन्स कुणाच्या हाती पडतात, रेघा ओढत जा. पाच मिनिटं पुरेत. कागदावर किती माणसं आली, ते मोजा.

एकही नाही? मग ईव्हीएसचा पेपर अजून बाकी आहे.