पतिरूपदेसवास : शाळा, वस्ती आणि गरीब मुलाची वाटचाल

मंगलसुत्ताचे पठण आपल्या विहारांतून नित्य होते. परंतु त्यातील मंगलांचा क्रम आपण सहसा ध्यानात घेत नाही. परंपरागत गणनेप्रमाणे एकूण अडतीस मंगले आहेत. त्यांपैकी मूर्खांची संगत टाळणे, पंडितांची संगत धरणे आणि पूजनीयांची पूजा करणे ही पहिली तीन होत. चौथे मंगल 'पतिरूपदेसवास', म्हणजे अनुरूप प्रदेशातील वास्तव्य. 'बाहुसच्च' म्हणजे बहुश्रुतता आणि 'सिप्प' म्हणजे कला-कौशल्य यांचा उल्लेख त्यानंतर, सातव्या व आठव्या स्थानी येतो. अट्ठकथेने अनुरूप प्रदेशाचा अर्थ केवळ रमणीय स्थळ असा केलेला नाही. जेथे भिक्खू, भिक्खुनी, उपासक व उपासिका या चार परिषदांचा वावर आहे व कुशल कर्मे चालू आहेत, तो प्रदेश अनुरूप होय. म्हणजेच प्रदेशाची योग्यता तेथे वावरणाऱ्या माणसांवरून ठरते.

गरीब घरातील मूल शाळेमुळे पुढे जाते की वस्तीमुळे, हा प्रश्न आज समाजशास्त्रात मोठ्या प्रमाणावर अभ्यासला जात आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आम्ही सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या अनुभवावरून करणार आहोत. हे जिल्हे मुळात एकमेकांपासून फार दूरचे नाहीत. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

साताऱ्यातील शाळा

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, बाळ भिवाचे नाव दाखल झाले. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्यास प्रारंभ केला. शाळेचा दरवाजा उघडला ही घटना निःसंशय मोठी होती. तथापि आत काय होते, हे बाबासाहेबांनी स्वतः आपल्या आठवणींत सांगून ठेवले आहे. वर्गात त्यांना एका कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसावयाचे गोणपाट घरून आणावयाचे व सायंकाळी परत न्यावयाचे, कारण शाळेचा नोकर त्याला शिवत नसे. नळ शिपायाने उघडल्याशिवाय पाणी मिळत नसे. १९०१ च्या सुमारास ही भावंडे वडिलांना भेटण्यासाठी मसूर स्टेशनावर उतरून कोरेगावकडे निघाली, तेव्हा रात्रभराच्या प्रवासात त्यांना कोणी पाणी दिले नाही. शाळेच्या पटावर नाव होते, पण शाळेबाहेरचा मुलूख अनुरूप नव्हता.

मग बाळ भिवाच्या पाठीशी काय होते? सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले गृहस्थ. लष्करातील सक्तीच्या शिक्षणाने महार सैनिकांच्या अनेक घरांत वाचन-लेखन शिरले होते. हा मार्गही १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती थांबल्याने बंद झाला. पुढे १९०४ मध्ये हे कुटुंब मुंबईस परळच्या चाळीत राहावयास गेले आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले. मुंबईत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींशी त्यांची गाठ पडली. भीमराव मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले व पुढे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे त्यांचा शब्द टाकला. त्यातून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. केळुसकर हे त्यांच्या शाळेतील शिक्षकही नव्हते. ही भेट एका बागेत वाचत बसण्याच्या सवयीतून घडली. मुंबई शहराने ती शक्य केली.

वाटेगाव आणि आटपाडी

आता आजच्या सांगली जिल्ह्यातील दोन गावे पाहू. अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १९२० मध्ये वाळवा तालुक्यातील वाटेगावी मातंग कुटुंबात झाला. शंकरराव खरात यांचा जन्म १९२१ मध्ये तेव्हा औंध संस्थानात असलेल्या आटपाडीत, तराळकी करणाऱ्या महार कुटुंबात झाला. दोघांच्या वयात एका वर्षाचे अंतर. बुद्धीत कोणी उणा नव्हता. अण्णा भाऊंचे शालेय शिक्षण मात्र दीड दिवसात संपले. खरातांना शाळा टिकवता आली. ते पुढे वकील झाले, 'प्रबुद्ध भारत'चे संपादक झाले आणि मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

अण्णा भाऊंची कथा मात्र येथे संपत नाही. कुटुंबासह ते मुंबईस गेले. गिरणीत काम केले, माटुंगा लेबर कॅम्पसारख्या वस्तीत राहिले, कामगार चळवळीत वावरले. अक्षरओळख, वाचन, वादविवाद आणि लेखन हे सर्व त्यांना त्या वस्तीने दिले. 'फकिरा' ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली व ती त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीस अर्पण केली. गावच्या शाळेने जे नाकारले ते कामगारांच्या वस्तीने काही अंशी भरून दिले. तरीही वस्ती शाळेची जागा घेऊ शकते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. एका अण्णा भाऊंमागे वाटेगावसारख्या गावांतून दीड दिवसात परतलेली किती मुले कायमची निरक्षर राहिली असतील, याची नोंद कोणत्याही पटावर नाही.

वसतिगृह : घडविलेला अनुरूप प्रदेश

प्रत्येक गरीब मुलाला मुंबई गाठता येत नाही. मग त्याच्यासाठी अनुरूप प्रदेश त्याच्याच जिल्ह्यात घडविता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर साताऱ्याने दिले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली आणि तेथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह उभे राहिले. महार, मांग, चांभार, मराठा, जैन, मुसलमान मुले एका पंक्तीस जेवत, एकत्र राबत व एकत्र अभ्यास करीत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र मोडले, हे सर्वश्रुत आहे. १९२७ मध्ये गांधीजींच्या भेटीच्या वेळी या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. याच काळात बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह काढले. दोन्ही महापुरुषांनी वसतिगृहाला अग्रक्रम द्यावा, हा योगायोग नव्हे. शाळा दिवसाचे पाच-सहा तास देते. उरलेला सारा काळ वस्तीचा असतो, आणि वसतिगृह हा उरलेला काळच बदलून टाकते.

आमच्या पिढीतील अनेकांनी समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहांतून शिक्षण पुरे केले. ताटातील आमटी पातळ असे, खोलीत चौघे असत. परंतु रात्री अकरा वाजता शेजारचा विद्यार्थी दिवा लावून वाचीत बसलेला दिसे. त्या दृश्याने आम्हाला जे शिकविले ते कोणत्याही वर्गाने शिकविले नाही.

आधुनिक संशोधनाचा पुरावा

अमेरिकेत १९९४ पासून पाच शहरांत एक प्रयोग झाला. अत्यंत गरीब वस्त्यांतील कुटुंबांपैकी काहींना, सोडत काढून, कमी दारिद्र्याच्या वस्तीत घर घेण्यासाठी साहाय्य देण्यात आले. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तेरा वर्षांच्या आत अशा वस्तीत गेलेल्या मुलांचे तरुणपणीचे उत्पन्न सुमारे ३१ टक्क्यांनी अधिक निघाले. मोठ्या वयात गेलेल्यांना तसा लाभ झाला नाही. २०२२ मध्ये याच अभ्यासकांनी सात कोटींहून अधिक लोकांच्या मैत्रीसंबंधांची पाहणी करून दाखविले की, गरीब मुलांच्या उन्नतीशी सर्वांत निकटचा संबंध श्रीमंत-गरीब मैत्रीचा आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. अशी मैत्री न होण्यामागे अर्धे कारण वेगळ्या वस्त्या व शाळा हे आहे, आणि अर्धे कारण एकाच शाळेत असूनही परस्परांशी मैत्री न करणे हे आहे.

दुसरे कारण वाचताना आम्हाला साताऱ्याच्या वर्गातील गोणपाट आठवले. अमेरिकेतील आकडे येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण आपली वस्ती केवळ उत्पन्नाने ठरलेली नसून जातीने ठरलेली आहे. परंतु एका छताखाली बसणे आणि सोबत असणे यांतील अंतर दोन्हीकडे सारखेच आहे.

आजची परिस्थिती

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे, परंतु फलक बदलल्याने वस्तीची जागा बदलत नाही. दोन्ही जिल्ह्यांतील अनेक गावांत आम्ही पाहतो की ज्यांना परवडते त्यांची मुले पिवळ्या बसने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात ती मजुरांची मुले. शाळा सर्वांना खुली असूनही ती पुन्हा एका वस्तीची शाळा होते. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी २५ टक्के जागा राखल्या, त्यामागे हे विभाजन मोडण्याचा हेतू होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी अथवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेस यातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्द केली. जवळ शाळा आहे एवढ्याने मुलाचा हक्क पुरा होत नाही, हा या वादाचा आमच्या मते खरा बोध होय.

याहून बिकट स्थिती ऊसतोड मजुरांच्या मुलांची आहे. या जिल्ह्यांतील साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून तसेच जत-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून टोळ्या येतात. फडाजवळच्या कोपीत मुलाचे ऐन अभ्यासाचे महिने जातात. त्याला गावची शाळाही राहत नाही आणि वस्तीही राहत नाही. मूळ गावी हंगामी वसतिगृह नीट चालले तरच ते मूल शाळेत टिकते.

आचार्यांची पाच कर्तव्ये

सिगालोवादसुत्तात शिष्याविषयी आचार्यांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्याला चांगले वळण लावणे, शिकविलेले नीट ग्रहण करविणे, सर्व विद्या देणे, मित्र व परिचितांमध्ये त्याचा गौरवाने परिचय करून देणे आणि सर्व दिशांना त्याच्या रक्षणाची व्यवस्था करणे. पहिली तीन शाळेच्या भिंतीआड पुरी होतात. उरलेली दोन भिंतीबाहेरची आहेत. केळुसकर गुरुजींनी चौथे कर्तव्य केले, कर्मवीरांनी पाचवे केले. आज गरीब मुलाला कमी पडतात ती हीच दोन.

येथे आपण स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. शिक्षण व नोकरी मिळताच आपल्यापैकी बहुतेकांनी वस्ती सोडली व कॉलनीत घर बांधले. आपल्या मुलांसाठी अनुरूप प्रदेश शोधण्यात गैर काहीच नाही. परंतु जो अधिकारी, शिक्षिका किंवा परिचारिका वस्तीतून बाहेर पडली, तिच्याबरोबर तेथील मुलांचा कल्याणमित्रही गेला. अर्ज कसा भरावा, कोणती शाखा घ्यावी, शिष्यवृत्ती का अडली हे सांगणारे माणूस आता त्या गल्लीत राहत नाही. आपण केवळ जयंतीच्या दिवशी तेथे जातो.

आनंदाने कल्याणमित्रता हे ब्रह्मचर्याचे अर्धे अंग आहे असे म्हटले, तेव्हा तथागतांनी ते संपूर्ण अंग आहे अशी दुरुस्ती केली. कायद्याने शाळेचे दार उघडले, त्याचे रक्षण शासनाकडून करवून घेतलेच पाहिजे. पण वस्तीतील विहार सायंकाळी सहा ते दहा उघडा राहणे, त्यात दिवे, पुस्तके व बसावयास जागा असणे, आणि कॉलनीतील एकाने आठवड्यातील दोन संध्याकाळी तेथे येऊन बसणे, हे कोणत्याही शासननिर्णयावर अवलंबून नाही. येणाऱ्या मुलांत मातंग, धनगर, मुस्लिम व ऊसतोड मजुरांची मुलेही असावीत. अशा विहारात मंगलसुत्ताचे पठण होईल, तेव्हा चौथ्या मंगलाचा अर्थ त्या मुलांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.